दोन लॅब, दोन एलडीएल, मग खरं कुठलं धरायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. बाबा ५८ वर्षांचे, चार वर्षं झाली शुगर आहे. आठ दिवसांच्या अंतराने दोन वेगळ्या लॅबमधे लिपिड प्रोफाइल केलं. पहिल्या रिपोर्टात टोटल कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड्स ३१०, एलडीएल ११२. दुसऱ्यात टोटल २०५, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड्स २६८ आणि एलडीएल १२८. म्हणजे टोटल उतरलं, ट्रायग्लिसराइड्स उतरले आणि एलडीएल मात्र १६ ने चढलं, तर कुठली लॅब चुकली आणि आता कोलेस्टेरॉलच्या गोळीचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी १९९६ ला डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून लॅबमधे लागलो तो आजतागायत बायोकेमिस्ट्रीच्याच टेबलावर आहे, आणि मला तरी यात कुठलीच लॅब चुकलेली दिसत नाही. पहिल्या लॅबने एलडीएल मोजलेलंच नाहीये, ती वजाबाकी आहे. २१२ मधून ३८ काढा, राहिले १७४, त्यातून ३१० भागिले ५ म्हणजे ६२ काढा, राहिले ११२. तुम्ही स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर येईल. दुसऱ्या रिपोर्टावर तीच वजाबाकी केली तर ११० येतं, पण छापलंय १२८, म्हणजे त्यांनी वजाबाकी न करता डायरेक्ट किटने मोजलंय. रिपोर्टात टेस्टच्या नावाखाली बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते ती एकदा वाचा.

आता हे असं का करावं लागतं ते समजून घ्यायला आधी कोलेस्टेरॉल रक्तात फिरतं कसं ते बघू. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. मटणाच्या रश्श्यावर तर्री कशी तरंगते, कितीही ढवळा, थोड्या वेळाने परत वर येते, तसंच हे. नुसतं कोलेस्टेरॉल रक्तात सोडलं तर त्याच्या गुठळ्या होतील, म्हणून शरीर त्याचे गोळे बांधतं, बाहेरून फॉस्फोलिपिड आणि प्रोटीनचं वेष्टन आणि आत फॅट, म्हणजे ट्रायग्लिसराइड्स आणि कोलेस्टेरॉल. या गोळ्यांना म्हणायचं लायपोप्रोटीन. आतड्यातून जेवणातलं फॅट घेऊन निघतात ते कायलोमायक्रॉन, सगळ्यात मोठे आणि सगळ्यात हलके. लिव्हर बनवतं ते व्हीएलडीएल, त्यातही मुख्य माल ट्रायग्लिसराइड्सचाच. हे व्हीएलडीएल केशवाहिन्यांतून जाताना तिथलं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम त्यातलं फॅट काढून स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना देतं, गोळा लहान होत जातो आणि शेवटी जो उरतो, ज्यात आता मुख्यतः कोलेस्टेरॉलच आहे, तो एलडीएल. एचडीएल सगळ्यात लहान आणि सगळ्यात जड, कारण त्याच्या वजनातला जवळपास निम्मा भाग प्रोटीनचाच.

हलके आणि जड म्हणतोय ते शब्दशः बरं का. एलडीएल, एचडीएल ही नावंच मुळात डेन्सिटीवरून पडलीत. १९५० च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला जॉन गॉफमन यांनी सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरतं ते पिवळसर पाणी, अल्ट्रासेंट्रीफ्यूजमधे प्रचंड वेगाने फिरवून हे गोळे वेगळे करून दाखवले, १.००६ च्या खालचे ते व्हीएलडीएल, १.०१९ ते १.०६३ एलडीएल, १.०६३ ते १.२१ एचडीएल. अजूनही एलडीएलची खरीखुरी रेफरन्स पद्धत अल्ट्रासेंट्रीफ्यूजवरच उभी आहे, पण ते मशिन महाग, एकेका बॅचला तासन् तास जातात, आपल्याकडच्या रोजच्या लॅबमधे ते नसतंच. आणि हो, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल आणि एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल असं जे आपण म्हणतो त्यात कोलेस्टेरॉलचा रेणू दोन्हीकडे अगदी एकच असतो, वेगळी असते ती गाडी, म्हणजे त्याला वाहून नेणारा गोळा.

मग लॅब काय मोजते? टोटल कोलेस्टेरॉल म्हणजे सगळ्या गाड्यांतला माल एकत्र उतरवून मोजणं. मी शिकलो तेव्हा प्रॅक्टिकलला झॅक मेथड होती, फेरिक क्लोराइड, ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि वरून कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक, टेस्टट्यूब हातात चटका बसेल एवढी तापायची. आता सगळीकडे एन्झाइमची पद्धत आहे, ती १९७४ ला आली. दहा मायक्रोलिटर सिरम आणि एक एमएल रीएजंट, ३७ डिग्रीला पाच-दहा मिनिटं ठेवायचं. रक्तातलं साधारण ७० टक्के कोलेस्टेरॉल फॅटी अ‍ॅसिडला जोडलेलं असतं, कोलेस्टेरॉल एस्टरेज ते आधी सुटं करतं, मग कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज त्याचं ऑक्सिडेशन करतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं, आणि पेरॉक्सिडेज ते वापरून गुलाबी रंग तयार करतं. जेवढं कोलेस्टेरॉल तेवढा रंग गडद, तो ५०५ नॅनोमीटरला वाचायचा. सोबत २०० चं स्टँडर्ड, म्हणजे ज्यात कोलेस्टेरॉल नक्की २०० आहे असं द्रावण, लावलेलं असतं, सॅम्पलची ओडी, म्हणजे रंगाच्या गडदपणाचा आकडा, भागिले स्टँडर्डची ओडी गुणिले २००, झालं. ट्रायग्लिसराइड्सचंही शेवटचं पाऊल हेच, फक्त सुरुवातीला लायपेज लावून ग्लिसरॉल सोडवतात आणि ते ग्लिसरॉल मोजतात.

बघायला सोपं आहे पण सगळं त्या स्टँडर्डवर टांगलेलं आहे. मी नवा असताना एका लहान लॅबमधे होतो, तिथे एका आठवड्यात सगळ्यांचंच कोलेस्टेरॉल १४०, १५० असं यायला लागलं, आधी कोणी लक्ष दिलं नाही कारण रिपोर्ट नॉर्मल आला की कोणी तक्रार करत नाही ना. मग माझ्या लक्षात आलं की स्टँडर्डच्या बाटलीचं झाकण सैल राहत होतं, त्यातलं द्रावण उडून बाटलीतलं स्टँडर्ड २०० पेक्षा घट्ट झालं होतं, त्याची ओडी जास्त येत होती आणि भागाकारात प्रत्येक पेशंट खाली ओढला जात होता. त्या आठवड्यातल्या ज्यांचे ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना बोलवून परत सॅम्पल घेतले. तेव्हापासून रोज सकाळी कंट्रोल, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सॅम्पल, लावल्याशिवाय आणि चार्टवर तो ठिपका दोन एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशन), म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या, आत बसल्याशिवाय मी पेशंटच्या सॅम्पलला हात लावत नाही, कितीही गर्दी असो. लॅब निवडताना तुम्हीही विचारा की रोज कंट्रोल लावता का, बाहेरून येणारं ईक्यूएएसचं, म्हणजे लॅबचं काम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचं, सॅम्पल करता का. वेल्लोरच्या सीएमसीचा प्रोग्रॅम देशभरातल्या लॅब वापरतात, दर महिन्याला सॅम्पल करून निकाल पाठवायचा आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठे आहोत ते कळतं. चांगली लॅब हे सांगायला लाजत नाही.

एचडीएलकडे येऊ. जुनी पद्धत, जी अजून बऱ्याच तालुक्याच्या ठिकाणी चालते, ती अशी की सिरममधे फॉस्फोटंगस्टेट आणि मॅग्नेशियम घालायचं, एलडीएल, व्हीएलडीएल वगैरे सगळे खाली साका होऊन बसतात, सेंट्रीफ्यूज करायचं, वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं, त्यात फक्त एचडीएल उरलेलं असतं, त्यातलं कोलेस्टेरॉल मोजायचं. ट्रायग्लिसराइड्स जास्त असले की गडबड इथेच होते. साका नीट खाली बसत नाही, वर तरंगतो, वरचं पाणी गढूळ राहतं, त्यातून पिपेट भरली की एचडीएलबरोबर दुसरंही येतं. एचडीएल खोटं जास्त आलं की वजाबाकीत एलडीएल तेवढंच खोटं कमी येणार. आता ऑटो मशिनवर डायरेक्ट किट आलेत, त्यात पहिलं रीएजंट बाकीच्या गाड्यांतलं कोलेस्टेरॉल रंग न येऊ देता बाजूला काढतं आणि दुसरं रीएजंट हव्या त्या गाडीतलं सोडवतं. डायरेक्ट एलडीएलचंही तत्त्व हेच. काम पटकन होतं, पण प्रत्येक कंपनीची केमिस्ट्री वेगळी असते आणि ज्यांचं लिपिड बिघडलेलं आहे अशा पेशंटमधे दोन कंपन्यांचे किट एकमेकांशी जुळतीलच असं नाही, त्यामुळे डायरेक्ट म्हणजे पक्कं असंही डोळे झाकून धरू नका.

आता त्या ५ ने भागण्याकडे या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. १९७२ साली फ्रीडेवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन यांनी हे सूत्र मांडलं. उपाशीपोटी रक्तात कायलोमायक्रॉन नसतात, ट्रायग्लिसराइड्स मुख्यतः व्हीएलडीएलमधेच असतात, आणि त्या गोळ्यात ट्रायग्लिसराइड्स आणि कोलेस्टेरॉलचं प्रमाण साधारण पाचास एक, म्हणून टीजी (ट्रायग्लिसराइड्स) भागिले ५ म्हणजे व्हीएलडीएलमधलं कोलेस्टेरॉल. ज्यांचे टीजी १००-१५० आहेत त्यांच्यात हे छान चालतं. पण टीजी चढत गेले की गोळ्यात फॅट जास्त कोंबलेलं असतं, प्रमाण पाचास एक राहत नाही, सातास एक, आठास एक होत जातं. आपण मात्र ५ नेच भागतो, म्हणजे व्हीएलडीएल जास्त धरतो आणि एलडीएल कमी दाखवतो. बाबांच्या पहिल्या रिपोर्टात ५ च्या जागी समजा ७ ने भागलं तर ३१० चे होतात ४४, आणि १७४ मधून ४४ गेले की १३०. आलं ना दुसऱ्या लॅबच्या जवळ? सूत्र मांडणाऱ्यांनीच सांगितलं होतं की ४०० च्या वर हे वापरू नका, आणि प्रत्यक्षात २०० च्या वरच ते लंगडायला लागतं, एलडीएल जेवढं कमी तेवढं जास्त लंगडतं. म्हणून २०१३ ला मार्टिन-हॉपकिन्स पद्धत आली ज्यात भाजक प्रत्येकाच्या टीजी आणि नॉन-एचडीएलप्रमाणे (टोटल वजा एचडीएल) बदलतो, आणि २०२० ला सॅम्पसन यांचं समीकरण आलं जे टीजी ८०० पर्यंत चालवता येतं. सॉफ्टवेअरमधे नुसता फॉर्म्युला बदलायचा असतो, एक रुपयाचं रीएजंट लागत नाही, तरी अजून बहुतेक ठिकाणी ५ च चालू आहे याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याहून वाईट म्हणजे टीजी ६५० असताना व्हीएलडीएल १३० आणि एलडीएल ९ असं छापून पेशंटच्या हातात दिलेलं मी बघितलंय. असा रिपोर्ट बघून माणूस खूश होऊन घरी जातो आणि गोळी बंद करतो.

ट्रायग्लिसराइड्सचं अजून एक, ते डोळ्याला दिसतात. व्हीएलडीएल आणि कायलोमायक्रॉन एवढे मोठे असतात की प्रकाश विखुरतात, म्हणून सिरम गढूळ किंवा दुधासारखं होतं. एलडीएल मात्र लहान, २२ नॅनोमीटरच्या आसपास, त्यामुळे एलडीएल २८० असलं तरी सिरम पिवळं आणि काचेसारखं स्वच्छ. एका नाइटला पोटात प्रचंड दुखतंय म्हणून एक तरुण कॅज्युअल्टीत आला होता, त्याची ट्यूब सेंट्रीफ्यूजमधून काढली तर वर सिरमच्या जागी अक्षरशः दूध. अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आली की रक्तात वाढणारं एन्झाइम, नॉर्मल आलं होतं, पण एवढ्या दुधात अमायलेज खोटं कमी येऊ शकतं हे माहीत असल्यामुळे मी नुसता आकडा न पाठवता वर फोन केला. सॅम्पल डायल्यूट करून लावलं तर टीजी २००० च्या वर. पॅनक्रियाटायटिसच, म्हणजे स्वादुपिंडाची सूजच, निघाला. ती ट्यूब मी उभी करून रात्रभर ४ डिग्रीला फ्रिजमधे ठेवली, सकाळी वर पांढऱ्या सायीचा थर जमला होता आणि खालचं सिरमही गढूळच होतं. साय म्हणजे कायलोमायक्रॉन आणि खालचा गढूळपणा व्हीएलडीएलचा. कुठलंही मशिन न लागता होणारी टेस्ट आहे ही, नव्या मुलांना मी आवर्जून दाखवतो.

टोटल आणि टीजी आठ दिवसांत का हलले, तेही सांगतो. माणसाचं टोटल कोलेस्टेरॉल स्वतःच दिवसागणिक सहाएक टक्के इकडेतिकडे होतं आणि टीजी तर २० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २१२ आणि २०५ हे मला एकच आकडे आहेत आणि ३१० आणि २६८ सुद्धा. पहिल्या टेस्टच्या आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं असेल, दारू झाली असेल तर टीजी चढतातच. रक्त काढताना पट्टा दोन-तीन मिनिटं बांधून ठेवला तर कोलेस्टेरॉल जास्त येतं कारण पाणी शिरेतून बाहेर जातं आणि हे मोठे गोळे आतच राहतात. उलट पेशंट बराच वेळ आडवा असेल तर दहा-एक टक्क्यांनी कमी येऊ शकतं. म्हणून लांबून धावतपळत आलेल्या माणसाला मी आधी पाच-दहा मिनिटं खुर्चीत बसवतो, लोक चिडतात, पण बसवतो. मोठा ताप, ऑपरेशन किंवा हार्ट अटॅकनंतर कोलेस्टेरॉल काही आठवडे खाली जातं, तेव्हाचा आकडा नेहमीचा समजू नका. आणि थायरॉइड कमी असेल तर एलडीएल चढतं, म्हणून एकदा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची टेस्ट, करा.

उपाशी राहायचं का? २०१६ ला युरोपातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन सांगितलं की नेहमीच्या तपासणीला उपाशी राहायची गरज नाही, जेवणानंतर टीजी सरासरी २५-३० नेच वाढतात, फक्त टीजी ४४० च्या वर आले तर उपाशीपोटी परत करा. २०२४ ला आपल्या कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानेही पहिल्या तपासणीसाठी तेच म्हटलंय. पण बाबांचे टीजी आधीच वर आहेत, त्यामुळे त्यांनी १०-१२ तास उपाशी राहूनच करावं, पाणी प्यायलं तर चालतं, चहा नको, बिनसाखरेचाही दुधाचा चहा नको. डायबेटिसची औषधं त्या सकाळी कशी घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, उपाशीपोटी शुगर उतरायला नको.

मग बाबांच्या बाबतीत बघायचं काय? नॉन-एचडीएल बघा. टोटलमधून एचडीएल वजा करा, बस्स. पहिल्यात १७४, दुसऱ्यात १६४, बघा कसे जवळ आले. यात ५ ने भागायची भानगड नाही, उपाशी असण्याची अट नाही, आणि एचडीएल सोडून धमनीत जाऊन बसू शकणाऱ्या सगळ्या गाड्यांतला माल यात मोजला जातो. आपल्याकडच्या डायबेटिसच्या माणसात हे जास्तच महत्त्वाचं, कारण टीजी जास्त, एचडीएल कमी आणि एलडीएलचे कण लहान व दाट असा नमुना आपल्या लोकांत फार दिसतो. माल ट्रकने नेला काय आणि छोट्या हत्तीने नेला काय, वजन तेवढंच भरेल, पण छोटे हत्ती रस्त्यावर जास्त उतरतील. धमनीच्या भिंतीत शिरतात त्या गाड्या, म्हणून गाड्या किती तेही महत्त्वाचं. एलडीएल आणि व्हीएलडीएलच्या प्रत्येक कणावर अ‍ॅपोबी नावाच्या प्रोटीनचा एकच रेणू असतो, त्यामुळे अ‍ॅपोबी मोजलं की गाड्या मोजल्यासारखं होतं. परवडत असेल तर बाबांचं एकदा करून घ्या, त्याला उपाशी राहावं लागत नाही.

एचडीएल वाढवायच्या मागे लागू नका असं मी प्रत्येकाला सांगतो. टॉरसेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल भरपूर वाढत होतं, पण घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होतायत असं दिसल्यावर डिसेंबर २००६ मधे ती ट्रायल थांबवावी लागली. एलडीएल खाली आणण्याचं मात्र तसं नाही. डॅलसच्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोघांनी लिव्हर वगैरेंच्या पेशींवर एलडीएल पकडून आत घेणारा रिसेप्टर असतो हे दाखवलं, त्याचं १९८५ ला नोबेल मिळालं. स्टॅटिनची गोळी लिव्हरमधली कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करते, मग लिव्हर कोलेस्टेरॉल मिळवायला जास्त रिसेप्टर बाहेर काढतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गोळी चालू असताना रिपोर्ट चांगला आला म्हणजे ते काम चालू आहे. गोळीची आता गरज राहिली नाही असा त्याचा अर्थ काढून लोक ती सोडतात आणि दोन महिन्यांनी आकडा होता तिथे परत.

गोळी कुठली आणि किती हे मी सांगणार नाही, ते तुमच्या फिजिशियनचं काम आहे. पण ११२ की १२८ या वादात दिवस घालवू नका, कारण डायबेटिस हा हाय रिस्कचा गट आहे आणि त्याच २०२४ च्या गाइडलाइनप्रमाणे त्यांचं एलडीएल ७० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १०० च्या खाली हवं. दोन्ही लॅबचे आकडे त्याच्या वर आहेत आणि चांगलेच वर आहेत, निर्णय दोन्हीत एकच निघतो. दोन्ही रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, सोबत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, करून घ्या, कारण शुगर आटोक्यात नसेल तर टीजी खाली येणं अवघड असतं. औषध सुरू झालं की सहा ते आठ आठवड्यांनी परत टेस्ट, आणि ती एकाच लॅबमधे, एकाच पद्धतीने, नाहीतर गोळीने किती फरक पडला आणि किट बदलल्याने किती पडला हे कोणालाच सांगता येणार नाही.

अजून एक टेस्ट बाबांची आयुष्यात एकदा तरी करा, लायपोप्रोटीन ए. हा एलडीएलसारखाच कण पण त्याला एक जास्तीचं प्रोटीन चिकटलेलं असतं, नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ ला तो शोधला. तो किती असणार हे बहुतांशी जीन्सवरच ठरतं, खाण्यापिण्याने किंवा व्यायामाने फारसा हलत नाही, आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमधे तो वेगळा दिसत नाही. बाबांचा डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आला तर तुमचा आणि तुमच्या भावंडांचाही करून घ्या.